मदत हवी आहे: पोषणाच्या बजेटमधून दोन वर्षांखालच्या बाळांचा पैसा वेगळा कसा काढायचा?

नमस्कार मंडळी,

बालपोषणावरच्या सरकारी खर्चाचा आढावा घ्यायचं काम आम्ही चौघांनी अंगावर घेतलंय आणि पहिल्याच पायरीवर घोडं अडलंय. बजेटची कागदपत्रं हाताळलेल्यांनी वाट दाखवावी.

गर्भारपणापासून दुसऱ्या वाढदिवसापर्यंतच्या साधारण 1000 दिवसांत खुंटलेली उंची पुढे भरून निघणं फार अवघड, हे सगळेच मान्य करतात. पण लेखाशीर्षांत, म्हणजे बजेटमधल्या खर्चाच्या ओळींत, वय कुठेच नाही! 'पूरक आहार' या एका ओळीत सहा महिन्यांचं बाळ, पाच वर्षांचं मूल आणि गर्भवती, सगळे एकत्र. शाळेतल्या जेवणाची मोठी रक्कमही पोषणातच धरतात. ते जेवण हवंच, पण खुजेपणा, म्हणजे वयाच्या मानाने कमी उंची, त्याच्या कितीतरी आधी येऊन बसलेला असतो. मग लाभार्थींच्या संख्येनुसार रक्कम वाटून घ्यायची, की प्रत्यक्ष वाटपाच्या नोंदी मागायच्या?

दुसरा घोळ पाणी-स्वच्छतेचा. 2013 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या लेखमालेत हिशेब मांडला होता की पोषणाचे थेट दहा उपाय 90 टक्के लोकांपर्यंत पोचवले, तरी खुजेपणा साधारण 20 टक्क्यांनीच घटेल. म्हणजे पाणी, शौचालयं, मुलींचं शिक्षण वगळून चालणार नाही. पण अख्खी पाणीयोजना पोषणखर्चात धरली तर आकडा नुसता फुगतो. यातला किती टक्के भाग धरावा, यावरून आमच्यात रोज वाद होतोय. तुम्ही कुठल्या आधारावर ठरवलंत?

तिसरी गोष्ट मला सगळ्यात जास्त खुपते. उंचीच्या एका मोजणीला मी हजर होते. वर्षाचा मुलगा, फळीवर आडवा. आईने डोकं धरलेलं, कार्यकर्ती गुडघे सरळ करतेय, तो रडून अंग आखडतोय. पायाकडची सरकती पट्टी सैल. तीनदा मोजलं: 70.4, 71.6, 70.9. या वयाच्या मुलग्यांसाठी खुजेपणाची रेषा 71 सेंटिमीटरला आहे. वहीत 71.6 लिहिलं गेलं आणि बाळ 'सामान्य' ठरलं. पट्टी दुरुस्त का होत नाही विचारलं, तर त्यासाठी तरतूदच नाही म्हणाले. देखभाल आणि प्रशिक्षणाचा खर्च कुठल्या शीर्षाखाली सापडतो? स्वतंत्र ओळ मागणं शक्य असतं का?

पेरूमध्ये 2008 च्या सुमारास बजेटची सांगड निष्पत्तीशी, म्हणजे खर्चातून प्रत्यक्ष काय साधलं याच्याशी, घातली. तिथे पाच वर्षांखालच्या मुलांमधला खुजेपणा 28 टक्क्यांवरून 2016 पर्यंत 13 टक्क्यांच्या आसपास आला. श्रेय एकट्या बजेटचं नाही, पण पैसा कुठल्या मुलासाठी जातोय हे तिथे विचारलं गेलं. अशा पद्धतीने बजेट मांडून पाहिलेलं कुणी इथे आहे का? आराखड्याचा कच्चा तक्ता असला तरी चालेल, नीटनेटका नको. आणि खर्च वर्षाच्या शेवटच्या दोन महिन्यांतच उरकला जातो, तो तक्त्यात कसा दाखवता तेही सांगा.