मदत हवी आहे: स्नोमोबिलचं हँडल फार जड जातंय

नमस्कार मंडळी. मी मिनेसोटात, डलूथजवळ राहतो. यंदा एक जुनी, दोघांची स्नोमोबिल (बर्फावरची गाडी: पुढे वळायला दोन स्की, मागे ढकलायला ट्रॅक म्हणजे फिरता पट्टा) घेतली. नॉर्थ शोअर ट्रेलवर तासभर चालवली की दंड भरून येतात. वळणावर तर अक्षरशः कुस्ती! मागे बायको बसली की हँडल हलकं होतं, म्हणजे स्कींवर भार जास्त पडतोय असा माझा अंदाज. (बायकोचं म्हणणं, व्यायाम कर.)

स्कींच्या स्प्रिंगांचा ताण दोन्हीकडे सारखाच, दोन-दोन आटे कमी केला. फरक जेमतेम. आता ट्रॅकच्या आतल्या पुढच्या शॉकचा ताण वाढवावा, की लिमिटर स्ट्रॅप (ट्रॅकच्या सस्पेन्शनचा पुढचा भाग किती खाली जाईल ते रोखणारा पट्टा) एक भोक सैल करावा? दोन्हींनी स्कींवरचा भार कमी होईल हे कळतं, पण मग घट्ट बर्फाच्या वळणावर पकड सुटून गाडी सरळच जायची, ही भीती. आधी काय करून पाहावं?

मागच्या मालकाने कार्बाइड (स्कींखालच्या, बर्फात रुतणाऱ्या कठीण धातूच्या पट्ट्या) नवे आणि चांगले लांब बसवलेत. दोष त्यांचाच तर नाही? आणि स्कींची टोकं पुढे किंचित बाहेर हवीत ना? हँडल सरळ बांधून मोजली, तर माझी पाव इंच आत वळलेली निघाली.