सी विंगमधले फिंच आणि एसीवरचं घरटं

कुलकर्णी (सेक्रेटरी): सर्व सभासदांना सूचना. डासांचा त्रास वाढल्यामुळे गुरुवारी सकाळी ७ वाजता आवारात धूरफवारणी होईल. खिडक्या बंद ठेवाव्यात.

प्राची सी-६०३: काका, सी विंगची मागची बाजू या वेळी सोडता येईल का? माझे पक्षी आजारी आहेत. काल सकाळी एक झेब्रा फिंच गेला, आज कॅनरीची मादी. बाकीचे अंग फुगवून बसलेत. त्या धुरात उरलेलेही जातील.

अमेय ए-१०४: बर्ड फ्लू?? हे ग्रुपवर कालच सांगायला हवं होतं. माझी मुलगी तीन वर्षांची आहे, रोज सी विंगखाली खेळते.

नेने काका बी-५०२: उदगीरला कावळे मेले होते ना मध्यंतरी? चिकन बंद करायचं का आता?

डॉ. मृणाल बी-२०१: नेने काका, चिकन नीट शिजवून खुशाल खा. मी कुत्र्या-मांजरांची डॉक्टर आहे, पक्ष्यांची नाही, हे आधीच सांगते. पण एवढं नक्की, की बर्ड फ्लू असा व्हॉट्सअ‍ॅपवर ठरत नाही. नवापूरला २००६ मध्ये, परभणीच्या मुरुंब्यात २०२१ मध्ये आणि उदगीरला जानेवारी २०२५ मध्ये, तिन्ही वेळा नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेत तपासून झाल्यावरच जाहीर झालं. तिकडे कोंबड्या आणि कावळे भराभर मेले होते. इथे एकेक पक्षी रात्रीत जातोय. तरी मेलेला पक्षी तपासून घ्यायचाच. प्राची, कॅनरी कुठे ठेवलीयस?

प्राची सी-६०३: पिशवीत गुंडाळून फ्रीजमध्ये. आई बोलत नाहीये माझ्याशी.

डॉ. मृणाल बी-२०१: बरोबर केलंस. दुहेरी पिशवी, खालचा कप्पा. बर्फाच्या कप्प्यात अजिबात नको, गोठलं की पेशी फुटतात आणि शवविच्छेदनात काही कळत नाही. आजच औंधला पशुसंवर्धन खात्याच्या रोग अन्वेषण विभागात नेऊन दे. हातमोजे घाल.

नेने काका बी-५०२: तोवर पाण्यात टेट्रासायक्लिन टाक. कॅप्सूल फोडायची. आमच्या पोपटाला लागू पडलं होतं.

डॉ. मृणाल बी-२०१: नको काका, प्लीज. फिंच आणि कॅनरी एकदम आजारी पडतात त्याला पन्नास कारणं असतात आणि प्रत्येकाचा इलाज निराळा. कॉक्सिडिया म्हणजे आतड्यातले परजीवी असतील तर वेगळं औषध. मेगाबॅक्टेरिया नाव असलं तरी ती बुरशी, तिला अँटिबायोटिक चालतच नाही. देवी म्हणजे पॉक्स असेल तर औषधच नाही, फक्त डासांपासून वाचवणं आणि वेगळं ठेवणं. श्वासनळीतले माइट, म्हणजे अगदी बारीक परजीवी किडे, असतील तर पक्षी श्वास घेताना बारीक टिकटिक आवाज येतो आणि शेपूट वर-खाली होते. अंदाजाने कॅप्सूल फोडली तर यातलं एकही बरं होत नाही, उलट आतड्यातले चांगले जंतू मरतात. आणि आजारी पक्षी पाणी कमी पितो, म्हणजे औषधाचा डोसही नक्की नाही.

प्राची सी-६०३: टिकटिक नाही. डोळ्यांभोवती, पायांवर खपल्या नाहीत. विष्ठा नेहमीसारखी. नवीन पक्षी बऱ्याच महिन्यांत आणलेला नाही. खातायत पण नीट. म्हणूनच कळत नाहीये.

जोशी काकू सी-७०३: बाळा, पिंजऱ्याशी कापूर लाव आणि डांबराच्या गोळ्या ठेव. हवा शुद्ध होते.

डॉ. मृणाल बी-२०१: काकू, डांबराच्या गोळीच्या वाफा लहान पक्ष्याला विषारी असतात. कापूर, उदबत्ती, मच्छर कॉइल, नॉनस्टिक तवा रिकामा तापवणं, सगळं पक्ष्यांच्या खोलीपासून लांब. त्यांच्या फुप्फुसांना हवेच्या पिशव्या जोडलेल्या असतात, आपल्याला नुसता वास येतो तेव्हा त्यांच्या अंगात बराच धूर गेलेला असतो.

अमेय ए-१०४: बरं, एक बेसिक प्रश्न. मुनिया पाळणं बेकायदेशीर आहे ना? मग हे कसं चालतं?

सावंत काका डी-१०२: आपल्या रानातली लाल मुनिया, ठिपकेदार मनोली, या पकडणं-विकणं-पाळणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हाच. प्राचीकडे आहेत ते झेब्रा फिंच, मूळ ऑस्ट्रेलियाकडचे, आणि कॅनरी, त्या नावाच्या बेटांवरची. दोन्ही पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यातच जन्मतात. आता मुद्द्याचं विचारतो. प्राची, रात्री फडफडाट होतो का?

प्राची सी-६०३: हो काका! मला वाटलं मांजर येतं. दोन-तीनदा उठून बघितलं, काहीच नव्हतं.

सावंत काका डी-१०२: चोच आणि पाय फिके झालेत? झेब्राच्या नराची चोच लालभडक असते, ती नारिंगी-पिवळट दिसते का?

प्राची सी-६०३: आत्ता बघितलं. हो. एकाची तर पांढुरकी वाटतेय.

सावंत काका डी-१०२: मग आज रात्री एक काम कर. पिंजऱ्यावर पांढरी सुती चादर टाक, कडा दुमडून आत खोच. रात्री दीड-दोनला दिवा न लावता टॉर्च घेऊन जा आणि दांड्यांची टोकं, चौकटीचे सांधे, चादरीच्या घड्या बघ. मोहरीच्या दाण्याहून लहान ठिपके पळताना दिसतील. भुकेले असतील तर करडे, रक्त प्यालेले असतील तर लाल. पांढऱ्या कागदावर बोटाने चिरड. रक्ताचा डाग उमटला तर तुझा आजार पक्ष्यांच्या पोटात नाही, पिंजऱ्याच्या लाकडात आहे.
चाळीत कॅनरी पाळत होतो तेव्हा या लाल माइटने माझी एक अख्खी वीण नेली होती. दिवसा पिंजरा कितीही निरखा, काही दिसत नाही. ते दिवसा पक्ष्यावर नसतातच, भेगेत झोपतात आणि अंधार पडला की जेवायला येतात.

डॉ. मृणाल बी-२०१: काकांचं हे जुळतंय. पक्ष्याच्या वजनाच्या साधारण दहावा हिस्सा रक्त असतं. झेब्रा फिंच १२ ग्रॅमचा, म्हणजे सगळं मिळून चहाच्या चमच्याचा जेमतेम पाव भाग. रोज रात्री शंभर-दोनशे तोंडं लागली तर किती दिवस टिकणार?

अमेय ए-१०४: पण हे माइट सहाव्या मजल्यावर येतील कुठून? नवीन पक्षी आणलाच नाही म्हणतेय ती.

सावंत काका डी-१०२: कबुतरं.

जोशी काकू सी-७०३: आमच्या एसीच्या बाहेरच्या युनिटवर घरटं होतं. पिल्लं नुकतीच उडून गेली. प्राचीच्या बाल्कनीच्या बरोबर वरच आहे ते. पण मी तरी काय करणार, तिथे हात पोचत नाही.

डॉ. मृणाल बी-२०१: पिल्लं कधी उडाली काकू?

जोशी काकू सी-७०३: गणपती उठले त्याच्या आसपास. आणि एक विचारू? तेव्हापासून माझ्या दोन्ही दंडांना आणि पोटाला बारीक पुरळ आलंय. रात्री खाज वाढते. स्किनवाल्यांनी अ‍ॅलर्जी म्हणून गोळ्या दिल्यात, फरक नाही.

सावंत काका डी-१०२: पिल्लं गेली की घरट्यातले उपाशी माइट नवीन अंग शोधत निघतात. काही खाली गेले, काही तुमच्या खिडकीतून आत आले.

डॉ. मृणाल बी-२०१: काकू, स्किनच्या डॉक्टरांना कबुतराच्या घरट्याचं नक्की सांगा. हे माइट माणसाच्या अंगावर राहत नाहीत, अंडी घालत नाहीत, फक्त चावतात. घरटं हललं की थांबेल.

जोशी काकू सी-७०३: अगं बाई. मी गादी बदलली, साबण बदलला, यांना ढेकणांवरून बोलले.

*(दुसऱ्या दिवशी)*

प्राची सी-६०३: रात्री दोनला गेले. सावंत काका, दांडीच्या टोकाला लाल थर होता. थर. सागवानी चौकटीच्या प्रत्येक सांध्यात. कागदावर डाग आला. घरट्यासाठी टांगलेल्या मडक्यांमध्ये तर बघवत नव्हतं. सगळे पक्षी रात्रीच साध्या तारेच्या नव्या पिंजऱ्यात हलवले आणि आतल्या खोलीत नेले.

सावंत काका डी-१०२: उत्तम. मडकी, नारळाचा काथ्या, लाकडी दांड्या सगळं बंद पिशवीत घालून टाकून दे, धुवायच्या भानगडीत पडू नकोस. नव्या पिंजऱ्याला तात्पुरत्या कडुलिंबाच्या ताज्या काड्या लाव, आठवड्याने बदल. पिंजरा भिंतीला टेकवू नकोस. ज्या आकड्याला टांगशील त्याला व्हॅसलीन फास.

नेने काका बी-५०२: झुरळांचा स्प्रे मारला तर एका दिवसात खलास.

सावंत काका डी-१०२: पक्षीही.

डॉ. मृणाल बी-२०१: कुत्र्यांच्या गोचिडांचा स्प्रेसुद्धा नको, कोणी सुचवायच्या आधीच सांगते. पक्ष्यांच्या मानेवर लावायचा औषधाचा थेंब असतो, पण तो इतक्या लहान जिवाला वजन करून, पातळ करून, पक्ष्यांच्या डॉक्टरांनीच द्यायचा. मी एका बाईंचा नंबर पाठवलाय पर्सनलवर, त्या फक्त पक्षी बघतात. आणि नुसत्या थेंबाने भागणार नाही. उन्हाळी हवेत माइटची पिढी आठवडा-दहा दिवसांत तयार होते आणि मोठे माइट न खाता महिनोन्‌महिने जगतात. रिकामा पिंजरा गॅलरीत ठेवून "मरतील आपोआप" असं होत नाही.

प्राची सी-६०३: सगळ्यात अशक्त तिघांचं काय करू? एक डोळे मिटूनच बसलाय.

डॉ. मृणाल बी-२०१: त्या तिघांना वेगळ्या छोट्या पिंजऱ्यात. तीन बाजूंनी कापड, एका टोकाला बाहेरून ४० वॅटचा जुना बल्ब, आत साधारण ३० अंश राहू दे. दुसरं टोक थंड हवं, जास्त झालं तर त्याला सरकता आलं पाहिजे. चोच उघडून धापा टाकत असेल तर ऊब जास्त झाली. दांडी अगदी खाली लाव, दाणा-पाणी जमिनीवरच. एवढासा पक्षी एक दिवस उपाशी राहिला तरी जातो, म्हणून त्याला राळ्याचं अख्खं कणीस समोर टांगून ठेव, आजारी असला तरी चोच मारतो. उकडलेलं अंडं किसून थोडं दे, दोन तासांनी उचल.
आणि कामाचा क्रम लक्षात ठेव. आधी ठणठणीत पक्ष्यांचं सगळं उरकायचं, मग आजाऱ्यांचं. वाट्या एकमेकांत मिसळायच्या नाहीत.

सावंत काका डी-१०२: पिंजऱ्यात चोच मारायला ठेवतेस तो समुद्रफेस नवा घे. जुन्याच्या छिद्रांतही बसतात. आणि रोज वजन कर, सोनाराचा छोटा काटा मिळतो ऑनलाइन. पिसं फुगलेला पक्षी गुबगुबीत दिसतो आणि हातात घेतला की छातीचं हाड सुरीसारखं लागतं. डोळ्यांवर विश्वास ठेवायचा नाही.

कुलकर्णी (सेक्रेटरी): मी सगळं वाचतो आहे. फवारणी रद्द करता येणार नाही, ए विंगमध्ये डेंग्यूचे दोन पेशंट आहेत. सी विंगची मागची बाजू शनिवारवर ढकलली आहे. प्राची, त्या दिवशी पक्षी कुठे हलवता येतील का?

प्राची सी-६०३: चालेल काका. मावशीकडे नेईन.

डॉ. मृणाल बी-२०१: मावशीकडे पक्षी नाहीत ना? असतील तर नको.

प्राची सी-६०३: नाहीत. एक मासा आहे.

अमेय ए-१०४: प्राची, माझ्या कालच्या मेसेजचा टोन जरा चढा होता. मुलीमुळे घाबरलो. एसीवरच्या घरट्यासाठी माणूस लागणार ना? आमच्या ऑफिसच्या बिल्डिंगला दोरीवरून उतरून जाळी लावणारे आले होते, त्यांना विचारतो.

कुलकर्णी (सेक्रेटरी): जरूर विचार. फक्त ७०३ चं नाही, सी विंगच्या डक्टमध्ये किमान चार युनिटवर घरटी आहेत. ज्यात अंडी-पिल्लं असतील ती आत्ता हलवायची नाहीत, रिकामी तेवढी काढून लगेच जाळी. खर्च देखभाल निधीतून, पुढच्या मीटिंगमध्ये मंजुरी घेऊ.

नेने काका बी-५०२: मंजुरीचं मी बघतो. पण कबुतरांना दाणे टाकणारेही याच ग्रुपवर आहेत, नाव घेत नाही.

जोशी काकू सी-७०३: घ्या की नाव. मी टाकते. आजपासून बंद.

*(सोमवारी)*

प्राची सी-६०३: औंधहून फोन आला. तीव्र अ‍ॅनिमिया. यकृत फिकट, कॉक्सिडिया नाही, बाकी संसर्गाची खूण नाही. मृणालताईंनी नंबर दिलेल्या डॉक्टरांनी सगळ्यांना थेंब लावले, पुढच्या आठवड्यात पुन्हा बोलावलंय. डोळे मिटून बसलेला नर गेला. बाकीचे दोघे बल्बपासून लांब सरकून बसतात आता. एकाचं वजन किंचित वाढलंय.

सावंत काका डी-१०२: दर चार-पाच दिवसांनी चादर आणि टॉर्च. सलग तीन-चार वेळा काही दिसलं नाही तरच जुनी जागा पुन्हा वापर. ती सागवानी चौकट ठेवणार आहेस?

प्राची सी-६०३: बाबांनी स्वतः बनवलीय, टाकवत नाही. उकळतं पाणी सांध्यांत ओतलं, पण वरच्या भेगांत पोचत नाही. कोणाकडे वाफेने साफ करायचं मशीन आहे का?

नेने काका बी-५०२: आमच्याकडे आहे, सोफ्यासाठी घेतलेलं. संध्याकाळी साडेसहानंतर ये, वायर आखूड आहे, एक्सटेन्शन घेऊन ये.