लहान मुलांना ‘फल’ ही संकल्पना हालचालीतून कशी द्यावी?

प्रश्न:
मी सात-आठ वर्षांच्या मुलांना गणित शिकवते. या वयात फलाची (फंक्शनची) व्याख्या सांगण्यात अर्थ नाही, हे मान्य. परंतु एक राशी दुसरीवर अवलंबून असते, ही जाण चालण्या-धावण्यातून आणि तंत्रज्ञानाच्या साहाय्याने देता येईल का? ‘सांगितलेल्या संख्येच्या दुप्पट उड्या’ हा खेळ आम्ही घेतोच. तेथून आलेखाकडे कसे वळावे?

उत्तर १:
तोच खेळ जमिनीवर आखलेल्या चौकटींत घ्या. प्रत्येक मुलाने आपल्या संख्येच्या रकान्यातून दुप्पट घरे पुढे जावे. सगळी थांबली की मुलांचीच सरळ रेषा तयार होते. मग नियम ‘दुप्पट अधिक एक’ असा बदला. प्रत्येक जण एक घर पुढे सरकतो, पण रेषेचा चढ तसाच राहतो, आणि हे मुलांच्या आपसूक लक्षात येते.

उत्तर २:
यानंतर अंतर मोजणारा सेन्सर आणावा. तो ध्वनितरंग सोडतो आणि प्रतिध्वनी परतायला लागणाऱ्या वेळेवरून अंतर काढतो, त्यामुळे मूल समोर चालत असतानाच पडद्यावर अंतर-काळ आलेख उमटतो. थांबले की रेषा आडवी, जवळ आले की उतरती, झपाट्याने दूर गेले की चढ तीव्र. मात्र आधी तयार आलेख दाखवून ‘अशी रेषा हवी असेल, तर कसे चालाल?’ असे विचारावे, हे मला फार महत्त्वाचे वाटते. डोंगरासारखा आलेख दिसला की अनेक मुलांना ते वाटेचे चित्र वाटते. ही समजूत सांगून जात नाही, रेषा भलतीकडे गेलेली पाहून जाते. शेवटी चालून आलेखात वर्तुळ काढायला सांगा. कितीही धडपड केली तरी ते जमत नाही, कारण एकाच क्षणी दोन अंतरांवर उभे राहता येत नाही. फलाची अट नेमकी हीच आहे: एका क्षणाला एकच अंतर.

उत्तर ३:
पडद्याची घाई नसावी. १९६७ मध्ये मुलांसाठी तयार झालेल्या लोगो या संगणक-भाषेत पडद्यावरच्या, रेषा काढणाऱ्या कासवाला आज्ञा द्यायच्या असतात, पण तिचे एक निर्माते सेमूर पेपर्ट यांचा आग्रह असे की मुलाने आधी स्वतः कासव होऊन चालून पाहावे. पुढे बाजूची लांबी घेणारी ‘चौरस’ ही आज्ञा मुलांनीच रचली, की लांबी बदलताच आकृती बदलते, हे त्यांना दिसते.

प्रश्नकर्ती:
आभारी आहे. दोन वेगळ्या क्षणी अंतर सारखेच आले, तर ते फल राहते का?

उत्तर २:
राहते. मूल दूर जाऊन परत आले, तर दुसऱ्या आणि सहाव्या सेकंदाला ते एकाच खुणेवर असू शकते. तेवढेच चालवून पाहा आणि दोन्ही बिंदू मुलांनाच आलेखावर शोधू द्या.