प्रीएक्लॅम्प्शियाची ११ ते १३ आठवड्यांतली तपासणी लातूर-सोलापूरकडे कुठे होते? (जरा घाई आहे)

माझी धाकटी बहीण लातूरला असते. तिला पुन्हा दिवस गेलेत, दहावा आठवडा चालू आहे. पहिल्या खेपेला सातव्या महिन्यात प्रीएक्लॅम्प्शिया (गरोदरपणात बीपी धोकादायक वाढण्याचा आजार) झाला होता. पाय सुजले, बोटातली अंगठी निघेना, तर घरातले सगळे म्हणाले, असतंच या दिवसांत. मग एका रात्री डोकं ठणकायला लागलं, डोळ्यांपुढे काजवे. बीपी १७०/११०! तातडीने सिझेरियन झालं, बाळाला काचेत ठेवावं लागलं. दोघंही आता ठणठणीत आहेत, पण या खेपेला आम्हाला आधीपासून सावध राहायचंय.

लंडनच्या फीटल मेडिसिन फाउंडेशनची पद्धत वाचली. ११ ते १३ आठवड्यांत आईचा पूर्वेतिहास, दोन्ही दंडांवरचं बीपी, गर्भाशयाच्या रक्तवाहिन्यांचा डॉपलर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) आणि रक्तातलं पीएलजीएफ (वारेत तयार होणारं एक प्रथिन) हे सगळं एकत्र करून धोका काढतात. २०१७च्या अ‍ॅस्प्रे चाचणीत अशा जास्त धोक्याच्या बायकांना रोज रात्री १५० मिलीग्रॅम अ‍ॅस्पिरिन दिलं. ३७ आठवड्यांआधीचा प्रीएक्लॅम्प्शिया ४.३ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आला.

एनटी स्कॅन आणि डबल मार्कर (बाळातले गुणसूत्रांचे दोष हुडकायची पहिल्या तिमाहीतली सोनोग्राफी आणि रक्ततपासणी) तिचं ठरलंय. त्याच वेळी डॉपलर आणि पीएलजीएफ करून देणारं सेंटर लातूर, सोलापूर किंवा नांदेडला कुणाला माहीत आहे का? की पुणंच गाठावं लागेल? डबल मार्करच्या रिपोर्टमध्ये पीएलजीएफ आपोआप येत नाही, लॅबला वेगळं सांगावं लागतं, एवढं कळलंय. खर्चाचा अंदाजही सांगा.

आधी एकदा होऊन गेल्यामुळे डॉक्टर अ‍ॅस्पिरिन देणारच आहेत, पण ७५ची गोळी म्हणाले. डोस आम्ही मनाने बदलणार नाही. १५०बद्दल तुमच्या डॉक्टरांशी बोलणं झालं असेल तर ते काय म्हणाले?

आणि सगळ्यात अडलंय ते इथे. पाचव्या महिन्यानंतर शंका आली तर एसएफएलटी-१ (वारेतूनच रक्तात येणारं दुसरं प्रथिन) आणि पीएलजीएफ यांचं गुणोत्तर बघतात. ते ३८ किंवा त्याखाली असेल तर पुढचा एक आठवडा प्रीएक्लॅम्प्शिया होण्याची शक्यता फार कमी, असं २०१६च्या प्रॉग्नोसिस अभ्यासात दिसलं. पण हा भरवसा आठवड्याभराचाच. नमुना मुंबईला जाऊन रिपोर्ट यायलाच चार दिवस लागले तर हातात काय उरणार? जिल्ह्याच्या गावातून ही तपासणी कुणी केली असेल, तर रिपोर्ट किती दिवसांत आला ते कृपया सांगा. सेंटरचं नाव इथे नको वाटलं तर व्यनि करा.