जुन्या फोर बाय फोरचं ब्रेक पेडल मऊ, मास्टर सिलिंडर (पेडलचा दाब ऑइलमधून चाकांकडे पाठवणारा पंप) बदलू का?

पुढे डिस्क, मागे ड्रम. पहिल्या दाबात पेडल निम्मं खाली जातं, दोनदा पंप केलं की वर येतं. ब्लीडिंग (पाइपमधली हवा काढणं) दोनदा केलं, एक बुडबुडा नाही. ब्रेक ऑइलही तसूभर कमी नाही.

– थांबा! दाबून धरल्यावर पेडल हळूहळू खाली गेलं तरच मास्टर सिलिंडरवर संशय घ्या.

– हँडब्रेक मागच्या शूवरच (ड्रमला आतून घासणारे ब्रेकचे पट्टे) असेल तर तो ओढून पेडल दाबा. वर आलं तर शू-ड्रममधली फट वाढलीय. चिखलात ही फट जुळवणारे ॲडजस्टर जाम होतात, माझे तर छिन्नीलाही दाद देईनात.

– हँडब्रेक ओढला, पेडल वर! ड्रम उघडला, ॲडजस्टरचं दातेरी चाक गंजून दगड झालेलं. शू घासेपर्यंत फिरवून थोडं मागे घेतलं. मी उगाच ब्लीडिंगमध्ये बाटलीभर ऑइल ओतलं की.