मदत हवी आहे : गणिताचे सर टिकत नाहीत, दहावीचा वर्ग अडकलाय

हिंदीवाले_सर
नमस्कार मंडळी. तीन वर्षांत गणिताचे चौथे सर परवा शाळा सोडून गेले. दहावीच्या भूमितीची अर्धी प्रकरणं बाकी आहेत. मी स्वतः हिंदीचा. काल नाइलाजाने तासावर गेलो तर एक पोरगी विचारते, "सर, स्पर्शिका त्रिज्येला लंबच का असते?" म्हटलं, पुस्तकात दिलंय म्हणून. ती गप्प बसली, पण तिचं समाधान झालं नाही हे मलाही कळलं. कोणाच्या ओळखीत बी.एस्सी. गणित, बी.एड. असेल तर कळवा. लगेच हवा. पगार नियमाप्रमाणे. उपदेश नको, माणूस हवा.

कोपरगावकर
सर, शाळा कुठे? अनुदानित की विनाअनुदानित? पद मंजूर आहे का? "लगेच हवा" एवढ्यावर स्थळ पण कोणी सांगत नाही हो.

हिंदीवाले_सर
मोखाडा तालुका, पालघर. संस्थेची शाळा, अनुदानित. ८ वी ते १०, एकेक तुकडी. पद संच मान्यतेत (शासनाने मंजूर केलेल्या पदांच्या यादीत) आहे.

निवृत्त_हेडमास्तर
मग ओळखीचा माणूस आणून काय कराल? अनुदानित पद आता संस्थेला परस्पर भरता येत नाही. शासनाच्या शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवर जाहिरात, मुलाखतीसह की मुलाखतीशिवाय तो पर्याय, आणि 'टेट'च्या गुणांवर उमेदवार. बिंदुनामावली (आरक्षणाची यादी) तपासून घेतली आहे का? आमच्याकडे तिथेच वर्षभर फाईल झोपली होती.

सुगरण_पक्षी
पण नववी-दहावीला टीईटी लागत नाही ना?

निवृत्त_हेडमास्तर
टीईटी वेगळी, टेट वेगळी. टीईटी म्हणजे पात्रता, पहिली ते आठवीसाठी. टेट म्हणजे अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी, २०० गुणांची. दहा वर्षं समजावतोय.

सुगरण_पक्षी
टेट २०१७ पासून आहे, दहा वर्षं कुठली? आणि या सरांकडे आठवी पण आहे, म्हणजे प्रश्न चुकीचा नव्हता. सर्वोच्च न्यायालयाच्या १ सप्टेंबर २०२५ च्या निकालाने आमच्या स्टाफरूममध्ये पन्नाशीचे लोक टीईटीची पुस्तकं घेऊन बसलेत. निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त राहिली असतील तर दोन वर्षांत पास व्हा, नाहीतर घरी.

शून्य_भागिले_शून्य
टेटबद्दल माझं दुखणं. १२० गुण अभियोग्यता, ८० बुद्धिमत्ता, दोन तासांत २०० प्रश्न. त्यात पदवीचं गणित कुठे आहे? वेगात कोडी सोडवणारा वर येतो. मुलीला स्पर्शिकेची सिद्धता समजावता येते का, हे कोणी विचारत नाही.

(सर, तिला सांगा : केंद्रापासून रेषेपर्यंतचं सर्वांत कमी अंतर म्हणजे लंब. स्पर्शिकेवरचा स्पर्शबिंदू सोडून बाकी प्रत्येक बिंदू वर्तुळाबाहेर, म्हणजे केंद्रापासून त्रिज्येपेक्षा लांब. मग सर्वांत जवळचा कोण? स्पर्शबिंदूच. म्हणून त्रिज्या हाच लंब.)

हिंदीवाले_सर
हे उद्या सांगतो. पहिलं कामाचं उत्तर तुमचं.

वैदिक_वाणी
मुलांना वैदिक गणित शिकवा, शिक्षक लागणारच नाही. माझी पुतणी ९९७ × ९९८ तोंडी करते.

शून्य_भागिले_शून्य
९९७ × ९९८ ने वर्तुळाचं प्रकरण कसं सुटतं तेही सांगा.

घाटावरची_मास्तरीण
पेसामुळे (आदिवासी भागाचा कायदा) शिक्षक भरती अडकली आहे, त्यातलंच असेल हे.

निवृत्त_हेडमास्तर
ताई, ते कोर्टात अडकलं ते सरळसेवेच्या १७ संवर्गांचं. यांची शाळा संस्थेची. गल्लत नको.

त्र्यंबक_अपडाऊन
मी या धाग्यातल्या चार सरांपैकी नाही, पण असाच पाचवा. शेजारच्या तालुक्यात दोन वर्षं गणित-विज्ञान शिकवलं आणि सोडलं. सगळे म्हणतात पगारामुळे जातात. शिक्षणसेवकाचं (नव्या शिक्षकाचं सुरुवातीचं) मानधन २०२३ पासून माध्यमिकला १८,०००. कमी आहेच, नाशिकला क्लासमध्ये मला जास्त मिळतं. पण मी पैशासाठी सोडलं नाही. रोज नाशिकहून यायचो. श्रावणात घाटात दरड आली की तास बुडायचे, आणि गावात खोली मागितली तर "एकटा माणूस नको". सर, तुमच्या सरांना राहायला कुठे दिलं होतं?

हिंदीवाले_सर
शाळेच्या मागे खोली आहे. आत पोषण आहाराचा तांदूळ असतो, पण एका बाजूला कॉट लावलेली आहे.

त्र्यंबक_अपडाऊन
😐

कोपरगावकर
तांदळाशेजारी कॉट. बरं. आणि गणिताशिवाय त्यांच्याकडे काय काय होतं?

हिंदीवाले_सर
विज्ञान तर असतंच, एकच पद आहे. बाकी सरकारी पोर्टलं : यू-डायस, सरलवर शाळेची-मुलांची माहिती, शालार्थवर पगाराची बिलं, शिष्यवृत्तीचे अर्ज, आधार जुळवणी. गणितवाल्यांना कॉम्प्युटर येतो. क्लार्कचं पद २०१९ पासून रिकामं आहे.

कोपरगावकर
हे पहिल्या पोस्टमध्ये का नाही लिहिलं?

हिंदीवाले_सर
त्यात काय लिहायचं? सगळीकडे हेच असतं.

त्र्यंबक_अपडाऊन
सगळीकडे असतं म्हणूनच सगळीकडून जातात. माझा दिवस ओटीपीत जायचा. शाळेच्या मागच्या टेकडीवर रेंज यायची. मी तिथे लॅपटॉप घेऊन बसायचो आणि खाली वर्गात गोंधळ. गणिताचं पद म्हणजे अर्धं गणित, अर्धा क्लार्क. पाचवे सर आले तरी जून संपायच्या आत पवित्रवर दुसरा पर्याय शोधतील.

निवृत्त_हेडमास्तर
हे अतिशयोक्त आहे. आम्ही जनगणना केली, निवडणुका केल्या, गणितही शिकवलं. आताच्या पिढीला सोय लागते.

सुगरण_पक्षी
तुमच्या वेळी पोर्टल होती का सर? आणि पूर्ण पगार पहिल्या महिन्यापासून होता.

निवृत्त_हेडमास्तर
विषय तो नाही.

बदली_हवी_९४
मला सोलापूर जि.प.तून पुणे आंतरजिल्हा बदली हवी आहे. संवर्ग १ मध्ये बसतो का? पत्नी खाजगी नोकरीत.

कोपरगावकर
साहेब, वेगळा धागा काढा.

माजी_विद्यार्थिनी_कळवण
माझी शाळा अशीच होती. आम्हाला शेवटी गणित शिकवलं ते गावातल्याच एका ताईने, बी.एस्सी. झालेली, बी.एड. नाही. रेकॉर्डवर ती कोणीच नव्हती. वर्ग झाल्यावर जास्तीचा तास घ्यायची, घर दोन मिनिटांवर. तुमच्या गावातली, पाड्यांवरची बी.एस्सी. झालेली मुलं किती आहेत हे कोणी मोजलंय का? वारली-कोकणा बोलणारा माणूस आला तर आठवीची पोरं दोन महिने घाबरून गप्प बसत नाहीत.

कोपरगावकर
याला जोडून : नियमित पद भरेपर्यंत घड्याळी तासिकेवर (तासाप्रमाणे पैसे) नेमणूक बसते का, हे शिक्षणाधिकारी (माध्यमिक) कार्यालयात लेखी विचारा, फोनवर नको. आणि मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेतून पदवीधर मिळाला तर दरमहा १०,००० विद्यावेतन शासन देतं. त्याला गणित शिकवायला बसवू नका, पोर्टलं त्याच्या गळ्यात घाला.

शून्य_भागिले_शून्य
हे उत्तम. मी आधी उलटंच समजत होतो.

वैदिक_वाणी
मी मोफत एक सत्र घेऊ शकतो. ऑनलाइन.

शून्य_भागिले_शून्य
टेकडीवर?

हिंदीवाले_सर
रागाने लिहिलं असेल तर माफ करा. गावात चौकशी केली. पाड्यावरची एक मुलगी नाशिकला एम.एस्सी. गणिताच्या पहिल्या वर्षाला आहे, शनिवार-रविवार घरी येते. ती दोन दिवस दहावीला शिकवायला तयार आहे, संस्थेचे अध्यक्ष पैसे देतो म्हणाले, किती ते अजून बोलले नाहीत. शिक्षणाधिकाऱ्यांना अर्ज दिला, पोच घेतली. तांदूळ मंगळवारी दुसरीकडे हलवतो, आमच्याच एका वर्गखोलीत, पण तिथे उंदीर आहेत. उंदरांवर कोणाकडे काही उपाय असेल तर सांगा.

सुगरण_पक्षी
पत्र्याच्या पिंपात ठेवा, वरून दगड. पोत्यात ठेवू नका.

वैदिक_वाणी
कापूर.