ईआरपी ९ वरून प्राइम: 'दहा मिनिटांचं काम' म्हणणाऱ्यांसाठी

मुनीमगिरी
काल एका गृहस्थांनी टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीबद्दल, म्हणजे प्राइमबद्दल, लिहिलं, "अजून टॅली ईआरपी ९ वर बसलेला दुकानदार स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतोय. प्राइम टाका, दहा मिनिटांचं काम." दहा मिनिटांत सेटअप चढतो हो. पुढचं कोण निस्तरणार?

ईआरपी ९ च्या ६.६.३ रिलीजचा डेटा प्राइम ३.० किंवा त्यापुढच्या रिलीजमध्ये उघडला की मायग्रेट होतो, म्हणजे नव्या साच्यात बदलतो, आणि मग ईआरपी ९ त्याला ओळख देत नाही. परतीची गाडी नाही. मायग्रेट झाल्यावर जीएसटीआर-१ (विक्रीचं जीएसटी रिटर्न) उघडून बघा. 'अनसर्टन ट्रान्झॅक्शन्स'मध्ये (माहिती अपुरी असलेल्या नोंदींत) व्हाउचरांचा ढीग. कुठे पार्टीचा रजिस्ट्रेशन प्रकार रिकामा, कुठे एचएसएन (मालाचा कोड) नाही. ईआरपी ९ मध्ये 'आहे तसं घे' म्हणून ढकललेलं सगळं तिथे वर येतं.

मालकीचं दुकान, दीड-दोन कोटींची उलाढाल, एक जीएसटी नंबर, एक संगणक, ई-इनव्हॉइस लागू नाही. अशाने कशाला घाई करायची? टीएसएस (टॅलीची अपडेटची वर्गणी) संपलं तरी हातातलं रिलीज चालतंच.

करकटकट
चालतं. आमची जुनी स्कूटरही चालते, फक्त पासिंग होत नाही.

मुनीमसाहेब, मे २०२५ पासून जीएसटीआर-१ च्या तक्ता १२ मध्ये बी-टू-बी आणि बी-टू-सी चा एचएसएन गोषवारा वेगवेगळा द्यावा लागतो. ईआरपी ९ चं शेवटचं रिलीज ६.६.३. त्याला या फाळणीचा पत्ताच नाही. म्हणजे दर महिन्याला सेल्स रजिस्टर एक्सेलमध्ये काढा, जीएसटी नंबर असलेली आणि नसलेली बिलं वेगळी करा, परत बेरजा मारा. हे काम दुकानदार करत नाही, आमच्याकडचा पोरगा करतो. वर फी वाढवली की तोंड वाकडं.

आणि "ई-इनव्हॉइस (सरकारी पोर्टलवर नोंदवलेलं बिल) लागू नाही" हे कशावरून ठरवलं? मर्यादा ५ कोटींची, १ ऑगस्ट २०२३ पासून. पण उलाढाल बघायची ती २०१७-१८ पासूनच्या कुठल्याही एका वर्षाची, आणि एका पॅनवरच्या सगळ्या नंबरांची मिळून. २०१८-१९ ला सव्वापाच कोटी झाले असतील आणि आज तीनच असतील, तरी लागू. आयआरएन (पोर्टलने दिलेला नोंदणी नंबर) नसलेलं बिल कायद्याने बिलच नाही, आणि समोरच्याचं जीएसटी क्रेडिट अडकलं की तो तुमचं पेमेंट अडकवतो. प्राइममधून बिल सेव्ह करतानाच आयआरएन येतो.

मुनीमगिरी
५ कोटींवाल्यांनी जावंच. त्यांना कोणी अडवलंय? मी दीड-दोन कोटी लिहिलं होतं. वाचायचीही वेगळी फी आहे का?

हार्डवेअरवाला
तुमचं कायद्याचं चालू द्या. काउंटरवर काय होतं ते सांगतो. ईआरपी ९ मध्ये क्रेडिट नोट (परत आलेल्या मालाची नोंद) म्हणजे कंट्रोल एफ८. बिलं मारणाऱ्याच्या बोटांत बसलंय ते. प्राइममध्ये क्रेडिट नोट गेली ऑल्ट एफ६ वर, आणि कंट्रोल एफ८ ला येते सेल्स ऑर्डर! ऑर्डर चालू ठेवल्या असतील तर माणूस परत आलेले पाइप तिथेच टाकतो, कंट्रोल ए मारून सेव्ह करतो आणि मोकळा होतो. ऑर्डरचा खात्यावर परिणाम शून्य. पार्टीची बाकी तेवढीच, स्टॉक तेवढाच. महिनाअखेरीस गिऱ्हाईक भांडायला येतं तेव्हा शोध सुरू.

ज्यांना ऑर्डर लागत नाहीत त्यांनी सेल्स ऑर्डरचा व्हाउचर टाइपच आधी बंद करा. चुकून उघडणार नाहीत.

करकटकट
हा मुद्दा मान्य. पण बोटांची सवय पंधरा दिवसांत मोडते. सिमेंटचं काय केलंत? २२ सप्टेंबर २०२५ ला २८ चा दर १८ झाला. कित्येकांनी आयटममध्ये जाऊन सरळ दर खोडून नवा लिहिला, लागू होण्याची तारीख टाकलीच नाही. मग जुनं बिल नुसतं उघडून सेव्ह केलं तरी कर बदलू शकतो. आणि ऑगस्टच्या विक्रीचा माल ऑक्टोबरात परत आला तर क्रेडिट नोट २८ नेच जायला हवी. तिथे दर हाताने बदलावा लागतो. हा घोळ दोन्ही टॅलीत होतो, त्याचं खापर प्राइमवर फोडू नका.

टीडीएल कारागीर
खर्चाचं कोणी बोलेना. चालू टीएसएस असेल तर प्राइमला वेगळे पैसे नाहीत. संपलं असेल तर सिल्व्हरला (एका संगणकाच्या लायसन्सला) ४,५०० अधिक १८ टक्के, म्हणजे ५,३१० धरा; आजचा भाव विचारून घ्या. खरा खर्च टीडीएलचा, म्हणजे टॅलीत करून घेतलेल्या खास बदलांच्या कोडचा. बिलाचा खास फॉरमॅट, बारकोड, ट्रान्सपोर्ट कॉपी, जे काही करून घेतलंय ती फाइल प्राइमवर चालेलच असं नाही. सोर्स ज्याच्याकडे आहे तोच माणूस दुरुस्त करू शकतो, आणि तो बहुतेक वेळा फोन उचलत नाही. आधी त्याला शोधा.

संगणक ६४-बिट विंडोजचा हवा. आणि ईआरपी ९ चा डेटा साधारणपणे टॅलीच्याच फोल्डरमध्ये असतो, तर प्राइम स्वतःचा वेगळा पाथ धरतं. उघडल्यावर कंपनी (टॅलीतला तुमच्या वह्यांचा संच) दिसली नाही की लोक 'डेटा उडाला' म्हणून ओरडतात. पाथ बदला, दिसेल.

शिवाय मायग्रेट करण्याआधी डेटा स्प्लिट करून घ्या, म्हणजे जुन्या आणि नव्या वर्षांच्या दोन कंपन्यांत तोडून घ्या. २०१७ पासूनचं ओझं कशाला ओढायचं?

मुनीमगिरी
झालं! हेच ऐकायचं राहिलं होतं. स्प्लिट अजिबात करू नका. दर १ एप्रिलला नवी कंपनी काढायची ही खोड लाल वहीपूजनापासूनची आहे. टॅलीला वर्ष बदलल्याचं काही सुतक नसतं. ऑल्ट एफ२ ने कालावधी बदला, बिलाची नंबरिंग १ एप्रिलपासून नव्याने सुरू करा, बास.

टीडीएल कारागीर
बास कसं? नेटवर्कवर तीन संगणक, फोल्डर दोन जीबीचा, आउटस्टँडिंग (येणी-देणी) उघडायला चहा पिऊन यावं लागतं. स्प्लिट हा टॅलीनेच दिलेला पर्याय आहे. आधी व्हेरिफाय (डेटातल्या चुका तपासणं), मग स्प्लिट.

मुनीमगिरी
व्हेरिफाय कोण करतं? सांगा बरं प्रामाणिकपणे. आणि केलं तरी पावत्या 'ऑन अकाउंट' टाकलेल्या असतात. पार्टीने ५०,००० दिले, कुठल्याच बिलाशी जोडले नाहीत. स्प्लिटनंतर नव्या कंपनीत ५०,००० चं बिल थकीत आणि ५०,००० ऑन अकाउंट जमा, दोन्ही शेजारी शेजारी. लेजरची बाकी बरोबर, बिलवार यादी सगळी खोटी. देण्यांच्या बाजूलाही हेच झालं, तर सूक्ष्म-लघु पुरवठादारांचे पैसे चुकवायचे ४५ दिवस कशावरून मोजणार? मुदत चुकल्यामुळे आयकरात खर्च नामंजूर झाला की स्प्लिट आठवेल.

टीडीएल कारागीर
हा स्प्लिटचा दोष की आळशी अकाउंटंटचा? 'अगेन्स्ट रेफरन्स' (अमुक बिलापोटी) निवडायला हात दुखतात का?

मुनीमगिरी
एक्सेलमध्ये धंदा चालवायचा सल्लाही तुम्हीच द्याल मग. अहो, स्प्लिटनंतर यादीत तीन कंपन्या दिसतात: मूळ एक आणि तुकडे दोन. नावं जवळपास सारखी. माणूस सकाळी मूळ कंपनी उघडतो आणि आठवडाभर तिथेच बिलं मारतो. नव्या कंपनीतून निघालेल्या जीएसटीआर-१ मध्ये ती बिलं नाहीत.

हार्डवेअरवाला
स्प्लिट केलंच तर मूळ कंपनीचं नाव त्याच मिनिटाला 'बंद - हात लावू नये' करा आणि डेटाच्या पाथमधून बाहेर हलवा. पण टाकून देऊ नका, जीएसटीखाली वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून ७२ महिने वह्या ठेवाव्या लागतात. आणि कारागीरभाऊ, संथपणाचं कारण बहुतेक ठिकाणी डेटा नसतो. वायफायवरून शेअर केलेला फोल्डर आणि प्रत्येक फाइल चाचपणारा अँटिव्हायरस असतो. तार ओढा, टॅलीचा फोल्डर अँटिव्हायरसमधून वगळा, मग बोला. 'मेमरी ॲक्सेस व्हायोलेशन' ही टॅली मध्येच बंद पाडणारी एरर पण कमी होते.

टीडीएल कारागीर
बरं बाबा, तार आधी, स्प्लिट नंतर. झालं समाधान?

करकटकट
मूळ प्रश्न कोणाला आठवतोय का? प्रायव्हेट लिमिटेड असाल तर चर्चाच नको. १ एप्रिल २०२३ पासून एडिट लॉग (कोणी, कधी, काय बदललं याची नोंद) ठेवणारं सॉफ्टवेअर बंधनकारक, आणि ते बंद करता येता कामा नये. ईआरपी ९ त्यात बसत नाही. मालकी आणि भागीदारीला हा नियम नाही.

बाकीच्यांनी महिन्याचं रिटर्न भरल्यावर, पुढच्याची बिलं साचण्याआधी बदल करावा. ट्रायल बॅलन्स, स्टॉक समरी, बिलवार येणी-देणी आणि गेल्या महिन्याचा जीएसटीआर-१ आधी छापून ठेवा. मायग्रेट केल्यावर परत छापा आणि पैशापर्यंत जुळवा. जुन्या महिन्यांची रिटर्नं भरल्याची खूण करून टाका, नाहीतर भरलेल्या महिन्यांचेही घोळ समोर नाचत राहतात.

मुनीमगिरी
तक्ता १२ वर मी हरलो, लिहून घ्या. दर महिन्याची ती एक्सेलची कसरत ५,३१० पेक्षा महाग पडते, हे मान्य. पण दहा मिनिटं नाहीत. दोन दिवस धरा, आणि डेटाची कॉपी पेनड्राइव्हवर नेऊन दुसऱ्या संगणकावर आधी पाहा. तिथे लायसन्सही लागत नाही, एज्युकेशन मोडमध्ये (शिकणाऱ्यांसाठीच्या फुकट मोडमध्ये) रिपोर्ट दिसतात.

हार्डवेअरवाला
त्या मोडमध्ये नोंद फक्त १, २ आणि ३१ तारखेलाच करता येते ना? म्हणजे महिन्यातून तीन दिवस दुकान. फेब्रुवारीत दोनच.